लॉट

सहामाहीच्या पेपरात वाक्य दिलं होतं:
शी अ‍ॅक्सेप्टेड हर लॉट. मराठीत लिहा.
एकतीस जणांनी लिहिलं, तिने नशीब स्वीकारलं.
लिहिणारच, मीच फळ्यावर दिलं होतं.
हर्षल खैरनारने लिहिलं:
तिने तिचा लॉट उतरवून घेतला.

लाल रेघ. शून्य.
सुट्टीत हा पोरगा पिंपळगावच्या मार्केटात
क्रेट मोजतो, पावत्या फाडतो,
टोमॅटोचे लॉट नंबर ओरडून ओरडून
जूनमध्ये घसा बसवून वर्गात येतो.
त्याला त्या शब्दात नशीब कसं ऐकू येणार,
असं मी स्टाफरूममध्ये म्हणालो.
सगळे हसले. मी जरा जास्तच.

मग बुधवार आला. गंगेवरचा बाजार.
गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे
त्याची आई बसते, कौतिकाबाई,
गोणपाटावर वांग्यांचे वाटे लावत.
वीसला वाटा.

मी पिशवी झटकत उभा राहिलो.
एक किडकं वांगं तिने पहिल्या वाट्यात ठेवलं,
काढलं, तिसऱ्यात ठेवून बघितलं,
शेवटी चौथ्यात, दोन चकचकीत वांग्यांखाली.
मांडी बदलता बदलता.
कुणाच्या वाट्याला काय
हे एवढ्यातच ठरून गेलं.

घरी जाऊन डिक्शनरी काढायची गरज नव्हती.
ढीग, हिस्सा, उचललेली चिठ्ठी, लिलावाचा माल,
सगळं तिथंच मांडलेलं होतं ओळीनं,
आणि वीस वर्षं मी मुलांना
फक्त शेवटचा अर्थ पाठ करायला लावत होतो.

हर्षलचा पेपर पिशवीतच होता. काढला नाही.
म्हटलं, पोरगा हुशार आहे तुमचा.
ती म्हणाली, काय माहीत सर,
ह्याच्या पाचवीला सटवाईपुढं ठेवायला
घरात पेन नव्हतं, कोरा कागद नव्हता.
मालकांचं पावतीबुक होतं, तेच ठेवलं.
तिनं काय लिहायचं ते त्यातच लिहिलं असंल.

मी मुद्दामच चौथा वाटा मागितला.
तिने माझ्याकडे पाहिलं,
दोन वांग्यांखाली बोटं घातली,
किडकं उचलून पाचव्यात टाकलं.
पोराचे सर तुम्ही, म्हणाली.

माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी
सुट्टे मोजले
आणि पाचवा वाटा मागितला.