अनुक्रमणिकेत 'आवाज'

बरकाच्या किनाऱ्यावर समुद्र नळांतून आत येतो
आणि गोडा होऊन बाहेर पडतो.
मधल्या एका खोलीत मी बसतो.
आडनाव खारकर. त्यातला ख
इथल्या लोकांना घशाच्या तळातून
माझ्याहून चांगला जमतो.

काम एवढंच :
तीन नंबरचा पंप बदललाय,
तर मदतीच्या फाइलीत एका ओळीतला एक आकडा बदलायचा.
मूळ पानं कुठं आहेत, कुणाला ठाऊक नाही.
ती ज्या संगणकावर होती तो कधीच भंगारात गेला.
उरलीय ती ही शिवून, लाख लावून ठेवलेली एक फाइल,
कपाळावर पिवळं प्रश्नचिन्ह.

नेटवर्कवरून उघडली
तर डावीकडे नावं सगळी, उजवीकडे पान कोरं.
दारावर पाट्या, घरात कुणी नाही.
'अनब्लॉक'च्या चौकटीत खूण केली
तेव्हा कुठं अक्षरं बाहेर आली, दबकत.

फुकटचं हत्यार उसवतं, पण परत शिवत नाही.
विकतचं तीस दिवस इमानेइतबारे राबतं,
एकतिसाव्या दिवशी
पानापानावर स्वतःचं नाव गोंदतं,
आणि अरबी मजकूर दिसला की बुजतं,
जिथं तिथं प्रश्नचिन्हं पेरत सुटतं.
तरी उसवली.
चारशे बारा पानं. नावं कसली, नुसते नंबर.

एकशे सतराव्या पानात, मजकुराच्या मागे,
वाचणाऱ्याला कधीच न दिसणाऱ्या कंसात
कुणीतरी लिहिलं होतं. मोडकं इंग्रजी,
मी ते माझ्या भाषेत वाचलं :
'हे वाक्य वरून कापायला लावलं.
पंप तीनचा आवाज बदलला तर हे पान वाचत बसू नका.
आधी बंद करा. मग पळा.
— शशांकन, रात्रपाळी.'

मग आकडा राहिला बाजूला,
मी कंसच शोधत बसलो.
'इथं फोटो हवा होता. कॅमेरा गेटवर काढून घेतला.'
'हा व्हॉल्व्ह उलटा फिरतो. चित्रात सुलटा आहे.'
'आज मुलगी झाली. पान पूर्ण.'
दोनशे नव्वदनंतर काही नाही.
पानं आहेत, बिनचूक, सरळ,
दुसऱ्या कुणाच्या हातची.

'आकडा तेवढा बदल,' हिलालसाहेब म्हणाले,
'बाकीच्याला हात नको.'
बदलला.
आणि जाता जाता
अनुक्रमणिकेत एक शब्द घातला : आवाज, बदललेला.
शशांकनचं वाक्य कंसातून ओढून उजेडात आणलं.
'पळा' मात्र मीच खोडलं.
'सुरक्षित अंतरावर जावे' असं लिहिलं.
माझ्याही व्हिसाला अकरा महिनेच उरलेत.
'पळा' मागे कंसातच ठेवलं,
त्याच्याखाली माझं नाव, तारीख.
मग शिवली. बत्तीस तुटके दुवे,
एक एक टाका घालत पहाटेचे साडेतीन.

रात्रपाळीचा दाद करीम, बलुची पोरगा,
एफ-वन दाबून सहज पाहू लागला,
आणि थांबला. 'हे शशांकनचं.'
ओळखतोस?
'मी नाही. बाप ओळखायचा.
त्यानंच शिकवलं बापाला :
स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकव, मूठ कानाला,
मग फाइल नको.'

खाली नेलं मला. स्क्रूड्रायव्हर दिला.
वाकलो, मूठ कानाला लावली.
पाण्यातलं मीठ सुटत होतं म्हणे आतल्या आत,
मला ऐकू आली नुसती घरघर.
काहीच कळत नाही रे, म्हटलं.

'नवा आहे,' दाद करीम म्हणाला,
'अजून बोलायला लागला नाही.'