तीनशे मीटरवरून

नॉर्वे-स्वीडनच्या सीमेवर, फेब्रुवारीत,
आम्ही स्प्रूसच्या रानात आवाज मोजत होतो.
एक किलो स्फोटक, एक पिवळी वायर,
आणि शंभर-शंभर मीटरवर खांबांना बांधलेले मायक्रोफोन,
लोकरी टोपडी घातलेले,
तान्ह्या बाळांसारखे.

शेवटचा खांब बोर्गहिलच्या अंगणात.
ती म्हणायची, तुमचा बार आधी माझ्या कपबशांना कळतो,
मग कुत्र्याला,
मग मला.

बरोबरच होतं ते.
जंगल आवाजाची धार काढून घेतं.
बारीक, टोकदार सूर
खोडाखोडाला ठेचकाळत वाटेतच पांगतात,
काही खालचं भुसभुशीत बर्फ पिऊन टाकतं.
उरतो नुसता घुमारा,
लांब ढांगांचा, झाडांना न जुमानणारा.
तो थेट फडताळापर्यंत येतो.

मी तिला कागदावर रेघ काढून दाखवली :
जितका बारीक आवाज, तितका लवकर बुडतो.
ती चष्मा न लावताच बघत राहिली.
"म्हणजे हाक?"
हाक, शिट्टी, पाखरू, मी उत्साहाने म्हणालो,
ते सगळं जातं.

शेगडीवर दूध होतं. तिने ते ढवळलं.
"एकोणसत्तर साली हाल्वर तिकडे झाडं पाडत होता.
झाड पडल्याचं मला ऐकू आलं.
धप्प. रोज यायचं तसंच.
मी बटाटे सोलत राहिले."

माझ्या तक्त्यात रकाने होते :
अंतर, वारा, तापमान, डेसिबल.

निघायच्या दिवशी म्हणाली,
तुझा तो खांब आहे ना, इथून तीनशे मीटरवरचा,
तिथून एक हाक मार.
काय म्हणून?
माझं नाव घे. अर्धंच. तो घ्यायचा तसं.

मारली.
छातीतली सगळी हवा घालून, दोनदा.
एका फांदीवरचं बर्फ सुटून सावकाश खाली आलं.
माझ्याजवळची सुई उडाली.
तिच्या अंगणातल्या खांबाची त्या मिनिटाची नोंद
मी अजून उघडलेली नाही.

परतलो तेव्हा ती दारातच होती,
डोक्याचा रुमाल काढून,
कान उघडे, गारठून लाल.
"मारलीस?"
"मारली."
"बरं," म्हणाली,
"बूट झटक आणि आत ये."
कुत्रं मात्र
रानाकडे तोंड करून
उभंच होतं.