शेवटची रांग, चौदा नंबर

जून लागला की मी छत्र्या रोवतो.
पाच रांगा, रांगेत अठरा,
निळी, पांढरी, निळी, पांढरी,
दोरी धरून सरळ, नाहीतर मालक बोलतो.
पहिली रांग महाग: तिथं रोमचे डॉक्टर,
पाण्याला खेटून.
पाचवी स्वस्त. तिच्या मागे झाऊची दोन झाडं,
मग रूळ, फड्या निवडुंग,
आणि मग एकदम डोंगर.

पाचवी रांग, चौदा नंबर: मुराका, तोरिनोहून.
वहीत आधी माझ्या बापाच्या अक्षरात,
मग माझ्या.
एकतीस ऑगस्ट.

सिन्योर काताल्दो मोटारींच्या कारखान्यात रंग मारायचा.
नखांच्या कडेला कधी लाल, कधी राखाडी.
अकरा महिने समुद्र समुद्र करायचा म्हणे,
आणि इथं आला की
खुर्ची फिरवून समुद्राकडे पाठ.
आसुन्ता चिडायची.
"बाराशे किलोमीटर रूळ बघायला आलास?"
तो मालगाडीचे डबे मोजायचा, किंवा तसं दाखवायचा.
ऊन मी म्हणत असायचं,
वाळूत पाय ठेवला की चटका,
पोरं किंचाळत पाण्याकडे पळायची,
आणि हा, टोपी भुवयांवर,
वांग्याचं लोणचं घातलेला पाव खात,
उलटा.

आम्ही हसायचो. मीही.

या वर्षी ती एकटीच उतरली दोनच्या गाडीतून.
मी एकच खुर्ची मांडली.
ती म्हणाली, "दोन."
पैसे मी एकीचेच घेतले, तर भांडली,
नाणी माझ्या खिशात कोंबली
आणि वर म्हणाली, तुझा बापही असाच अडाणी होता.

चार दिवस ती पाण्याकडे तोंड करून बसली.
शेजारची खुर्ची रिकामी;
तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर त्याचा चष्मा.
वारा पडला होता. किनाऱ्याला लागलेलं पाणगवत
कुजून दर्वळत होतं,
मी दाताळ्यानं ओढून ढीग करत होतो.
पंधरा तारखेला, तिच्या नावाच्या सणाला,
बँड वाजवत मूर्ती होडीत बसवतात
तेव्हा सगळा किनारा उठून पुढे गेला.
ती उठली.
खुर्ची उचलली, जड होती,
मी धावलो, तिनं हातानंच थांबवलं.
फिरवली.
बसली.

बँड पाण्यावर गेला. कर्णे मागून ऐकू येत होते.
ती वर बघत होती,
झाऊच्या दोन झाडांमधून, रुळांच्या पलीकडून,
जिथं जुनं गाव आहे,
आजोबांच्या वेळच्या पुरात दरड आली
आणि सगळ्यांना खाली आणून वसवलं, ते.
आता तिथं बकऱ्या, आणि छपराविना देऊळ.

"सावेरियो," तिनं हाक मारली,
"डावीकडून तिसरी खिडकी. त्यांची.
मला कधी बोलला नाही.
लहान असताना पलंगावर उभा राहून
तिथून त्याला हा समुद्र दिसायचा, एवढंच एकदा म्हणाला होता.
मला वाटलं, समुद्राचं बोलतोय."

मी दाताळं टेकवून वाकलो,
तिच्या खांद्याच्या उंचीवर डोळे आणले.
डोंगर दिसला. उन्हात पांढरी पडलेली भिंत,
किंवा कदाचित खडकच.
खिडकी एकही नाही. डावीकडून नाही, उजवीकडून नाही.
एवढ्या लांबून दिसणारच नाही.

"दिसली?"
"हो," मी म्हणालो.
तिनं चष्मा उचलला, पुसला,
स्वतःच्या डोळ्यांना लावला.
नंबर जमत नसणार.
काढला नाही.

मग चारची मालगाडी आली, लांबलचक,
आणि ती मोजू लागली, मोठ्यानं,
तोरिनोच्या हेलात,
बाविसाला चुकली
आणि माझ्याकडे बघून म्हणाली,
"तू मोज रे पुढचे."