नवी भट्टी

डुलुथ. जानेवारी. उणे एकतीस.
मिसेस लाहतींच्या तळघरात मी गुडघ्यांवर.
इग्नायटर बदलला, ज्योत लागली,
विझली.
टॉर्च आत घातला:
पत्र्याला केसाएवढी चीर.
"हिला आता पेटवायची नाही. विषारी वायू घरात शिरेल."
"खोकते खरी," त्या म्हणाल्या,
"पण एकोणचाळीस वर्षं खोकतेच आहे."

मी आणि माझा पोऱ्या टोइवो,
पायरीपायरीला टेकवत
जुनी वर आणली.
नवी बसवली, पांढरीशुभ्र, कपाटाएवढी.

तिसऱ्या रात्री फोन. बंद पडली म्हणे.
बर्फ उपसून गाडी काढली, गेलो.
त्यांचा हात धरून
जमिनीतल्या जाळीवर ठेवला.
ऊब.
"चालू आहे की!"
"मग बोलत का नाही?"
म्हणाल्या,
आणि हात तिथून काढला नाही.