नाव ठेवणं

व्होरूच्या इस्पितळाचं तळघर. बारा लोखंडी कपाटं.
नववं सरळ उघडत नाही, खालून लाथ घालावी लागते.
काम सोपं आहे, डॉक्टर सालुमेत्स म्हणाल्या:
जुन्या कार्डावरचं आजाराचं नाव वाचायचं,
नव्या पुस्तकात त्याचा आकडा शोधायचा,
संगणकात भरायचा.
दिवसाला साठ कार्डं.

सर्वात जुन्या वहीत एक मोलकरीण आहे, मिल्ली,
वय एकोणीस, आजार: घरची ओढ.
नव्या पुस्तकात घरची ओढ नाही.
जुळवून घेण्यातला बिघाड आहे.
तो भरला. माफ कर, मिल्ली.
एका चांभाराला 'काळं पित्त' होतं,
त्याच्यासाठी मला तीन आकडे सापडले,
तिन्हींत तो थोडा थोडा मावत होता
आणि एकातही पाय पसरून झोपू शकत नव्हता.

मार्चमध्ये, नवव्या कपाटात,
एकाच रबरात गुंडाळलेली दोन कार्डं.
रबर हात लावताच तुटलं.
आडनाव माझंच.

एल्मार, माझे बाबा. व्हाम्बोला, माझा काका.
दोघांच्या नावापुढे रशियनमध्ये, एकाच अक्षरात, एकाच शाईनं:
*हळूहळू वाहणारा स्किझोफ्रेनिया.*
जणू आजार नव्हे, गावाबाहेरची नदीच,
गवतातून वाहणारी, दिसते न दिसते अशी.

बाबांची लक्षणं:
शाळेच्या छपराबद्दल चौदा पत्रं, सगळी मॉस्कोला.
आपलंच खरं आहे, असं रुग्णाला ठामपणे वाटतं.

(छप्पर गळत होतं. मी त्याच शाळेत होते.
भूगोलाच्या तासाला नकाशाखाली बादली असायची,
ती ओतायची पाळी माझी गुरुवारी.)

काकाची लक्षणं:
भट्टीतून आवाज येतो. विहिरीचं पाणी पिऊ नकोस, म्हणतो.
रुग्ण डिसेंबरपासून बर्फ चोखतो आहे.

बाबा घरी आले ते तोंड शिवून.
पुढे त्यांनी दुकानाची यादीसुद्धा लिहिली नाही,
बोटांवर मोजून सांगायचे: मीठ, काड्या, खिळे.
काका मात्र म्हणायचा,
"आधी मी पापी होतो, मग आळशी,
मग गावाला लागलेली कीड.
शेवटी एकदाचा आजारी झालो.
केवढी बढती मिळाली, पोरी!"
गोळ्या घ्यायचा, हात थरथरायचे,
थरथरत्या हातांनी विहिरीचं पाणी प्यायचा
आणि मिशी पुसून माझ्याकडे बघायचा.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
मध्ये एक टिंब.
कार्ड दिव्याखाली धरून मी ते टिंब शोधत बसते.
शाईचे डाग दोन्हींवर आहेत.

डॉक्टर सालुमेत्स जेवायला खाली येतात,
पावावर खारवलेला मासा, काटे माझ्या बशीत.
"दोन आठवडे, पाच लक्षणं, असं पुस्तक म्हणतं," त्या सांगतात.
"तेरा दिवस रडलेली बाई समोर येऊन बसते,
तिला काय सांगू, उद्या ये?"
मग बोटं पुसतात.
"पण पुस्तक नसतं ना, तर तिला
नवऱ्याच्या आईनं तपासलं असतं."

काकाचा आकडा मी त्याच दुपारी भरला.
जुन्या कोटासारखा बसला, खांद्यात सैल,
पण थंडी भागेल असा.

बाबांचा रकाना रिकामा सोडला
तर संगणक पुढे जाऊ देत नाही.
लाल तारा लुकलुकतो.
'निरोगी' लिहून पाहिलं: असा आजार यादीत नाही.
'छप्पर' लिहून पाहिलं.
मग मीच हसले, तळघरात, एकटी,
आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून जिन्याकडे बघितलं.

आज एकोणसाठ झाली.
एक राहिलंय, उद्या करते,
असं वहीत लिहून मी सही करते.
मार्चपासून रोज.