व्हाउचर चारशे बारा

वाडी नाक्यावर आमचं ऑफिस,
गेटजवळ भिंतीला टांगलेला एक टायर.
दसऱ्याला त्याला झेंडूचा हार.
नव्या माणसाला आधी तोच दाखवतात,
मग हजेरीचं मशीन.

मोठे ढबाले शेठ, तेव्हा एकच ट्रक,
बुटीबोरीपाशी टायर फुटला, आत सलाइनच्या पेट्या,
पंक्चरवाल्याकडे ढकलत नेला म्हणतात,
भर मे महिन्यात, अनवाणी.
मी लागलो तेव्हा चार किलोमीटर होतं.
मेंढे मॅडमनी ट्रेनिंगमध्ये अकरा केलं.
परवा पोस्टरवर वाचलं, सत्तावीस.
अनवाणी कोणी घातलं ठाऊक नाही,
पण त्याशिवाय कोणाचे डोळे भरले नसते.

शेठच एकदा म्हणाले, कूलरमध्ये पाणी ओतता ओतता,
"काहून बे कुत्तरमारे, खरंच चाललो होतो काय मी?"
मी हिशेबाचा माणूस. म्हटलं, पाहून सांगतो.
ते गेले, माझं पाहायचं राहिलं.

काल रात्री केळवदहून इर्शादचा फोन.
ॲक्सल गेला, गाडीत लसीचा डबा, बर्फ वितळतोय.
"डोक्यावर घेतो साहेब, सावनेरपर्यंत चालतो,
पुढं मिळेल कोणी.
आपल्याकडं चालतातच ना."

झोप आली नाही. पहाटे जुनी फाईल सोडली.
सन एक्क्याण्णव, व्हाउचर चारशे बारा:
भंगारातून टायर, नग एक, रुपये साठ.
खाली सही माझीच.

फाईल बांधली, गाठ जरा जास्तच आवळली.
बाहेर नळाखाली इर्शाद पाय धूत होता.
चप्पल कुठं रे?
"तुटली," म्हणाला.