तिसरा पिंजरा

बाबांचा उजवा अंगठा आधी गेला.
गेला म्हणजे होता तिथंच,
पण त्याचा तोच झाला:
तळहातावर तंबाखू नसताना
तंबाखू मळत बसायचा.
तळ्यावरची पोरं डोंग्यात उभी राहून
डोमाजी ढिवराची नक्कल करायची.
आम्ही त्याला थंडी म्हणालो,
मग वय म्हणालो,
मग कोणाची तरी नजर.
यात तीन वर्षं गेली.

नागपुरात मी उंदीर सांभाळते.
पांढरे, लाल डोळ्यांचे,
शेपटीवर निळ्या शाईचे आकडे.
रोज सकाळी नऊला टोचते
एका परदेशी वेलीच्या मुळातलं विष
सूर्यफुलाच्या तेलात कालवून.
काही दिवसांतच ते बाबांसारखे चालतात,
आखूड पावलं, पाठीला बाक,
कोपऱ्यात गेले की वळायचं विसरतात.

दुसऱ्या पिंजऱ्याला तेच विष,
आणि वरून कुयलीच्या बियांचा अर्क.
हीच ती कुयली
जिची लव मी सातवीत
मास्तरांच्या खुर्चीला फासली होती
आणि दोन दिवस वर्गाबाहेर उभी होते,
स्वतःचीच बोटं खाजवत.
पुस्तकात लिहिलंय,
विषाची वेल आणि कुयली एकाच कुळातल्या,
शेंगा धरणाऱ्या,
चुलत बहिणी म्हणा.

फिरत्या दांडीवर सतरा नंबर
एकशे बारा सेकंद टिकला
त्या रात्री मी घरी फोन केला.
सतरा नंबरचं काही बोलले नाही.
"कुयलीचं बरं चाललंय," एवढंच.

मायला तेवढं पुरलं.
हातांना राख फासून
तिनं नाल्याकाठच्या शेंगा ओरबाडल्या,
बिया दुधात उकडून सोलल्या, वाळवल्या, कुटल्या.
मी फोनवर ओरडले:
डॉक्टरच्या गोळीत तेच आहे, दुप्पट होईल,
मान नाचायला लागेल त्यांची,
उंदीर दोनशे ग्रॅमचा असतो, माय!
"तुह्या उंदराले चालते
आन तुह्या बापाले नाई?"
याचं उत्तर आहे माझ्याकडं,
सहा पानांचं.
त्यातली एकही ओळ तिच्या चुलीजवळ टिकेना.
पुडी तिनं फळीवर ठेवली,
मिठाच्या मागं.
फेकली नाही.

दिवाळीनंतर बाबा तपासणीला आले.
मी त्यांना काचा दाखवल्या,
मेंदूचे पापुद्र्यासारखे काप,
तळाशी काळसर बारीक रेघ.
तिसऱ्या काचेत ती जवळजवळ नव्हतीच.
"तऱ्यावानी हाये," ते म्हणाले,
"पानी आटलं का गार फाटते, तसं."
मग बराच वेळ भिंगावर डोळा.
"जहर कोन देते?"
"मी."

खिडकीबाहेर कोणीतरी मोटरसायकलला
किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"आमी बी देत होतो," बाबा म्हणाले.
"गेराची फरं कुटून डोहात.
पन मासोरी झिंगली पायजे, मरू नोये.
मापाचं काम हाये ते.
हात हालला का डोह गेला."

पिंजऱ्यांपाशी उभे राहिले.
"आन ह्या तिसऱ्याइले?"
"विष."
"वरतून काई नाई?"
"नाही. त्याशिवाय कळणार कसं, की—"
पुढचं वाक्य मला पाठ आहे.
आलं नाही.

त्यांनी अंगठा जाळीला लावला.
अंगठा तंबाखू मळत राहिला.
आतून एकतीस नंबर आला,
आखूड पावलांनी, थांबत,
आणि वास घेत राहिला
त्या नसलेल्या तंबाखूचा.

रात्री माझ्या खोलीवर
त्यांनी पिशवीतून सुई काढली, नायलॉनचा दोरा,
अर्ध्यात राहिलेलं जाळं.
सुई माझ्या हातात दिली.
"तू घाल. मी सांगतो."
मी गाठ घातली.
त्यांनी ती दोन बोटांत धरायला पाहिली,
दुसऱ्यांदा धरता आली.
ओढून पाहिली.
"सुटते हे," म्हणाले.
"पुना घाल."